सायकल शाकारायची कशी?

मांडवीकरीण
२१ मे

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक जण कुठली सायकल घेऊ ते विचारतात. माझी घेऊन झाली आहे. आता ती या पावसातून जगवायची कशी, ते विचारायचंय. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी रत्नागिरीत मांडवीला राहते. समुद्र चालत पाच मिनिटांवर. वारा सुटला की चष्म्याच्या काचा खारट होतात, खिडकीचे गज दर वर्षी रंगवावे लागतात. घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना असा अरुंद की गॅसचा सिलिंडर आणणारा मुलगा दर वेळी वर येऊन आधी माझ्याकडे रागानं बघतो, मग पाणी मागतो. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत ठराव झाला, जिन्यात आणि पॅसेजमध्ये सायकली लावायच्या नाहीत. त्या ठरावाला मीही हात वर केला होता. तेव्हा माझ्याकडे सायकल नव्हती.

त्यामुळे सायकल खाली, कंपाउंडच्या भिंतीला टेकून, पाण्याच्या टाकीशेजारी. वर आकाश.

गेल्या वर्षी जानेवारीत घेतली, वापरलेली, साडेसात हजारांना. ॲल्युमिनियमची फ्रेम, सीटची दांडी लोखंडी, मागे सात गिअर, साधे रबराचे ब्रेक. मारुती मंदिराजवळ एका ऑफिसात हिशेब लिहिते, तिथं जायला-यायला. जाताना चढ आहे, पण येताना मजा असते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर रेनकोट घालून चार दिवस रेटले, मग मुकाट्यानं रिक्षा धरली. सायकलीसाठी ऑनलाइन चंदेरी कव्हर मागवलं, खाली इलॅस्टिक असलेलं, साडेसातशेचं. तान्ह्या बाळाला झबलं चढवावं तसं ते चढवलं, खालून सुतळीनं आवळून बांधलं आणि स्वतःवर खूश होऊन वर गेले. सोडलं ते थेट गणपतीच्या दोन दिवस आधी.

आधी वास आला, वर्षभर न उघडलेल्या ट्रंकेचा येतो तसा. सीटवर हिरवट-पांढरी लव, बोटाला चिकटणारी. चेन तांबडी झालेली, आणि नुसती तांबडी नाही, जिथं जसा बाक होता तशीच ती कडक झालेली. मेकॅनिकनं सोडवून हातात धरली तरी हवेत वाकडीच राहिली, वाळलेल्या कुरडईसारखी. गिअरच्या तारेचं वरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलेलं. सीटची दांडी फ्रेममध्ये अशी बसली होती की शेवटी हातोडी घ्यावी लागली. चेन, फ्रीव्हील, तारा आणि मजुरी मिळून १,८५० रुपये.

आता खरी गंमत. त्याच भिंतीला खालच्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलाची सायकल असते. तिला कव्हर नाही, छप्पर नाही, तिचा मालकही तिच्याकडे बघत नाही. पण तो रोज क्लासला जातो, पावसात सुद्धा. त्याची चेन तपकिरी होती पण फिरत होती. मेकॅनिक मला म्हणाला, "उघडी ठेवली असती तर बरी राहिली असती." साडेसातशे रुपये घालून मी सायकल सडवली, असाच याचा अर्थ ना?

आणि मला आठवते ती वडिलांची काळी ॲटलास. राजापूरकडच्या गावात आमच्या पडवीत तीस वर्षं उभी होती. दाराआड नाही, पडवीतच, एका बाजूला नांगर, दुसऱ्या बाजूला खुंटीला इरली. झड आली की मडगार्ड ओलं व्हायचं. बाबा मे महिन्यात आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या धांदलीत एक सकाळ सायकलीला द्यायचे. तेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस. पिसाचं टोक तेलात बुडवून चेनच्या एकेका कडीला लावायचे, आम्ही पेडल हळूहळू उलटं फिरवायचं. ती सायकल कधी कुरकुरली नाही.

तर विचारायचं एवढंच. कव्हर घालू की नको? छप्पर करायचं तर कशाचं? तेल कुठलं? आणि समुद्राजवळ राहून हे सगळं करण्यात अर्थ तरी आहे का?

---

बिनधास्त_पेडल
२१ मे

काकू सिंपल आहे. चांगल्या क्वालिटीचं कव्हर घ्या, स्वस्तातलं नको. आणि आत डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून ठेवा, विषय संपला. जमलं तर सर्व्हिस सेंटरला नेऊन गाडीबरोबर प्रेशरनं धुऊन घ्या आधी.

---

छर्रेवाला
२१ मे

ताई, वरच्या भावाचं ऐकू नका. तिन्ही सल्ले सायकल मारणारे आहेत. भावा, राग मानू नकोस.

इचलकरंजीत आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, मी शाळेपासून तिथं छर्रे, म्हणजे बेअरिंगमधल्या बारीक गोळ्या, मोजत मोठा झालो, म्हणून हे नाव. आता पुण्यात नोकरी करतो, पण रविवारी आजूबाजूच्या सायकली उलट्या करून बसलेला असतो. त्यामुळे माझंही लांबणार.

पहिलं म्हणजे पाऊस सायकलीचा शत्रू नाही. पाऊस पडतो, वाहून जातो. शत्रू म्हणजे अडकून बसलेली ओल. तुमच्या कव्हरच्या आत खालून जमिनीची वाफ येत होती, रात्री प्लास्टिकला आतून घाम फुटत होता, तो थेंब थेंब चेनवर पडत होता, आणि सुतळी बांधल्यामुळे बाहेर जायला वाट नव्हती. भाजीची पिशवी गाठ मारून ओट्यावर ठेवा, दुसऱ्या दिवशी आत बघा, तेच. तो दहावीतला पोरगा सायकल रोज हलवतो. चेन फिरली की कड्यांमधलं पाणी उडतं आणि आतलं तेल परत पसरतं. उभी सायकल गंजते, पळती गंजत नाही असं नाही, पण फार सावकाश गंजते.

डब्ल्यूडी-४० बद्दल. १९५३ साली निघालेली वस्तू आहे, नावाचाच अर्थ पाणी हटवणं असा, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. काम पाणी हटवायचं. त्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं साधं डब्ल्यूडी-४० चेनवर मारलंत तर ते पाण्याबरोबर आतलं जुनं तेलही पातळ करून बाहेर काढतं, आणि मागे पातळसा थर ठेवतं जो पहिल्या सरीत जातो. ओल्या चेनवर मारून पुसा, जरूर. पण नंतर खरं तेल घालायला विसरलात तर मारलं नसतं तेच बरं. डिस्क ब्रेकवाल्यांनी तर तो डबा सायकलजवळ आणूच नये, फवाऱ्याचा अंश डिस्कवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही.

प्रेशरनं धुणं म्हणजे छर्ऱ्यांच्या जागेत पाणी इंजेक्शननं भरणं. बादली, मग, जुना टूथब्रश. बस.

आता तुमच्या बाबांची ॲटलास. लोकांना वाटतं जुनं लोखंड चांगलं होतं. लोखंड लोखंडच असतं हो. तिच्यात गंमत होती ती रचनेची. चेन अख्खी चेनकव्हरच्या डब्यात. गिअर नाहीत, त्यामुळे चेन सरळ रेषेत फिरते, म्हणून तिला डबा घालता येतो. तुमच्या सात गिअरवर चेन डावी-उजवीकडे सरकते, डब्यात मावणार कशी? ब्रेक दांड्यांचे, तार नाही, म्हणजे नळीत पाणी शिरून तार आतल्या आत गंजायचा प्रश्न नाही. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, तेल सोडायला भोक, त्यावर पत्र्याची चकती, ती सरकवून दोन थेंब. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पडवी. वर कौलं, पश्चिमेला आडोसा, तीन बाजूंनी वारा. तुमच्या बाबांनी कव्हर घातलं नाही म्हणूनच ती टिकली, आणि पीस घेऊन बसायचे म्हणूनही.

तेव्हा तुम्हाला पडवी पाहिजे, कव्हर नको. पडवी कशी करायची ते कोकणवाले सांगतील, मी घाटावरचा माणूस. मी सायकलीचं सांगतो, पावसाआधी एकदाच करायचं काम.

सीटची दांडी बाहेर काढा. काढायच्या आधी उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावा, नाहीतर परत बसवताना गुडघे बोंबलतील. तुमची दांडी लोखंडी आणि फ्रेम ॲल्युमिनियमची, दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून, मध्ये खारं पाणी. अशा जोडीत आपोआप बारीकशी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी भुकटी फुगून दांडी आवळते. हातोडी लागली ती म्हणून. दांडी पुसा, फ्रेमच्या नळीत आतून फडकं फिरवा, ग्रीसचा पातळ हात द्या, परत घाला. मग पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब फुकट मागा, चार बोटं तुकडा कापा, तो दांडीवरून खाली ओढून फ्रेमच्या तोंडावर बसवा. रबरी गळपट्टी. सीटकडून ओघळलेलं पाणी आत जाणार नाही. ही एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं, कारण त्याच नळीतून पाणी खाली पेडलच्या एक्सलपर्यंत जातं आणि तिथं साचतं. एक्सलच्या पोटाला खालून बारीक भोक आहे का बघा. असेल तर चिखलानं बुजलेलं असेल, टाचणीनं मोकळं करा.

चेन डिझेलमध्ये ब्रशनं घासा (रॉकेल आता मिळतंय कुठं), फडक्यानं कोरडी करा, अर्धा दिवस हवेवर ठेवा, मग तेल. पावसासाठी ओल्या हवेचं जाड चेनतेल दुकानात मिळतं, ते घ्या. मेणाचं कोरडं तेल उन्हाळ्यात छान, पावसात एका फेरीत धुऊन जातं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ. इंजिनचं काळं तेल आमच्या दुकानात सर्रास वापरायचे, पण त्यात झिजलेल्या धातूचा कीस असतो. खोबरेल तर नकोच, मुंग्या लागतात, अनुभव आहे. तेल एकेका कडीच्या रोलरवर एक थेंब, दहा मिनिटं थांबायचं आणि मग बाहेरून पूर्ण पुसून काढायचं. तेल कडीच्या आत पाहिजे. बाहेर राहिलेलं तेल धूळच गोळा करतं. तुमच्या बाबांचं पीस याच कामाचं हत्यार होतं, नेमकं आणि थोडं.

गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणून ठेवा, तार सैल राहते. नळीची टोकं जिथं वर तोंड करून आहेत तिथं पाणी शिरतं, तिथं एकेक थेंब.

बाकी ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळं खोलून ग्रीस भरणं, पावसानंतर करा, आधी नको. आत नवं ग्रीस भरून लगेच पाण्यात घालायची हौस कशाला.

---

मांडवीकरीण
२२ मे

छर्रेवालादादा, वाचताना दोनदा खाली जाऊन बघून आले. एक्सलखाली भोक आहे, बुजलेलं होतं, केसातल्या पिननं मोकळं केलं. तांबडं पाणी आलं. चमचाभर तरी असेल. गेल्या वर्षीचं पाणी!

खोबरेलचं कसं ओळखलंत? नवी चेन बसवल्यावर मी तेच घालत होते.

---

खाडीपलीकडचा
२३ मे

ताई, आम्ही भाट्याकडचे, म्हणजे तुमच्या समोरच. खाऱ्या वाऱ्याचं मी सांगतो.

घरची होडी आहे. १ जूनपासून मासेमारी बंद, त्याच्या आधी होड्या वर ओढून शाकारायच्या. बांबूचे डांभे, वर माडाच्या चुडतांची विणलेली झापं, आता बरेच जण वरून ताडपत्री पण टाकतात. पण माझे काका ताडपत्री होडीला चिकटू देत नाहीत. म्हणतात, होडीला नाक असतं, नाक दाबू नये. ताडपत्री आणि लाकूड यात हात जाईल एवढी फट ठेवायची आणि दोन्ही टोकं उघडी. छर्रेवाले म्हणतात तेच हे.

मिठाचं असं आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं. डब्यातलं मीठ जुलैत पाझरतं बघा, तसंच. हवेत ओल पाऊणशे टक्क्यांवर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून खारं पाणी होतो, आणि आपल्याकडे पावसात हवा त्याखाली येतेच कधी? म्हणजे सायकलवर मिठाचा हात बसलेला असताना तुम्ही ती झाकलीत तर ती कितीही झाका, ओलीच राहणार. पाऊस नसताना सुद्धा. म्हणून झाकायच्या आधी गोड्या पाण्यानं धुवायची. घासायची नाही, नुसतं पाणी सोडायचं, स्पोकांच्या मुळाशी, चेनमागं, ब्रेकच्या स्प्रिंगांवर. मग ऊन दाखवायचं. हे मेमध्ये एकदा आणि नंतर जेव्हा वादळी वारं येऊन जाईल तेव्हा. खरं तर जोराच्या पावसात सायकल अर्धा तास उघडी सोडलीत तर तो फुकटचा धुवा आहे. आमच्याकडे इंजिनाचं बाहेरचं अंग पण गोड्या पाण्यानं धुतात.

छप्पर: चार बांबू, पश्चिमेकडून बुटके, पूर्वेकडून उंच, म्हणजे उतार समुद्राकडे. नैर्ऋत्येचा वारा छपराखाली शिरून उचलत नाही. वर ताडपत्री, ती निळी पातळ नको, उन्हानं दोन वर्षांत पापडासारखी मोडते. जाड पिवळी किंवा काळी घ्या. पश्चिमेच्या बाजूला झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, लावा, झापांची, जमिनीपासून वीतभर वर. बाकी तीन बाजू उघड्या. टायर मातीत ठेवू नका, खाली कडप्प्याचे तुकडे टाका. झापं पाहिजे असतील तर सांगा, आई विणते.

आणि कव्हर पायाशी बांधू नका हे आणखी एका कारणासाठी. पावसात कोरडी काळोखी जागा फक्त उंदीर शोधत नाही. उंदरामागे येणारा पण शोधतो.

---

मांडवीकरीण
२३ मे

शेवटचं वाक्य वाचून पाय वर घेऊन बसले. झापं पाहिजेत. चार. काकूंना किती द्यायचे ते कळवा, नुसतं 'राहू दे' म्हणू नका.

---

कालव्याकाठी
२६ मे

मी मूळची दादरची, आता नऊ वर्षं नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये. इथल्या स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा वाहनतळ आहे, २०१९ मध्ये पूर्ण उघडला, सायकल चालवतच आत जायचं. बाहेरून आलेल्यांना वाटतं की इथं सायकली कापसात ठेवतात. अजिबात नाही. स्टेशनवर तेवढी चैन. घरापुढे मात्र सायकल बारा महिने उघड्यावर, कालव्याच्या कठड्याला बांधलेली, पावसात, बर्फात, आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात त्या मिठात.

छर्रेवाल्यांनी ॲटलासचं जे सांगितलं ते वाचून मी खिडकीतून खाली बघितलं. रांगेत निम्म्या सायकली तशाच: चेन डब्यात, गिअर असले तर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद, काहींना तर पेडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक, म्हणजे तारही नाही. इथल्या लोकांनी पावसापासून सायकल लपवली नाही, पावसात उभी राहील अशी सायकल ठेवली. तुमच्या बाबांची सायकल इथं कुणाला जुनी वाटली नसती.

आता तुम्ही सायकल बदला असं म्हणत नाही. दोनच गोष्टी. सीटवर इथं सगळे टोपी घालतात, दुकानदार जाहिरात छापून फुकट वाटतात. तुम्ही हॉटेलातली शॉवर कॅप वापरा, पण थांबलात की काढून झटका, नाहीतर ती टोपीच ओल धरते. दुसरं, कुलुपाच्या किल्लीचं तोंड नेहमी खाली राहील असं लावा आणि आत तेल न घालता पेन्सिलच्या शिशाची पूड घाला. माझं पहिलं कुलूप पहिल्याच डिसेंबरात आतून गोठलं होतं आणि मी स्टेशनवर उभी राहून त्यावर थर्मासमधला चहा ओतला. चहा साखरेचा होता. पुढचं सांगत नाही.

---

बिनधास्त_पेडल
२७ मे

मान्य. माझं कव्हर काढून बघितलं आत्ता. मुंबईत, ग्रिलमध्ये, चौथ्या मजल्यावर. सीटखालचे स्प्रिंग तांबडे. फोटो टाकत नाही, इज्जत आहे.

---

मांडवीकरीण
१८ ऑक्टोबर

मंडळी, विसरले नव्हते. दसरा झाला, पाऊस गेला, आता हिशेब देते. हिशेब लिहिणं हाच माझा धंदा.

आधी परवानगीची कथा. सेक्रेटरी म्हणाले, कायमचं बांधकाम चालणार नाही, तात्पुरतं चालेल. मी विचारलं तात्पुरतं म्हणजे किती दिवस? ते म्हणाले, तसं कुठं लिहिलेलं नाही. मग मीही जास्त विचारलं नाही.

बांबू, जाड ताडपत्री, सुंभ आणि कडप्प्याचे चार तुकडे मिळून १,४०० रुपये. झापांचे पैसे काकूंनी घेतले नाहीत, डबाभर लाडू घेतले. खाडीपलीकडचे स्वतः येऊन बांधून गेले आणि गाठी मला मारायला लावल्या. म्हणाले, जुलैत सुटल्या तर मी येणार नाही. जुलैत सुटल्या. एका रात्री असा वारा झाला की सकाळी पश्चिमेची झड पाण्याच्या टाकीवर बसलेली होती. दुसऱ्यांदा बांधली ती टिकली.

रविवारी दहा मिनिटं, एवढंच ठरवलं होतं. फडकं घेऊन खाली जायचं, चेन पुसायची, पेडल उलटं फिरवत तेलाचे थेंब, परत पुसायचं, टायर दाबून बघायचे, महिन्यातून दोनदा हवा. थेंब नीट पडेनात, बाटलीचं तोंड मोठं. मग खालच्या काकूंच्या कोंबडीचं पीस आणलं. तुम्ही हसाल, पण पिसाच्या टोकावर बरोबर एक थेंब राहतो आणि कडीला टेकला की आपोआप आत ओढला जातो. बाबा असं काही बोलले नव्हते. बोलायचेच कमी. मी चाळीस वर्षं समजत होते की त्यांच्याकडे ब्रश नव्हता म्हणून पीस.

उघडीप असली की सायकल बाहेर काढून ऑफिसलाही गेले. मोजले तर जून ते सप्टेंबर एकतीस दिवस. गेल्या वर्षी चार.

आता काय बिघडलं. कुलूप गेलं. तोंड खाली होतं, शिसं घातलं होतं, तरी गेलं, कारण ते टाकीवरून ठिबकणाऱ्या थेंबाच्या बरोबर खाली लटकत होतं. ती चूक माझी. स्टँडची स्प्रिंग गंजली, तिकडे बघायचं सुचलंच नाही. ब्रेकच्या नटांची डोकी तांबडी व्हायला लागली होती, त्यांना घासून नेलपॉलिशचा हात दिला, बिनरंगाचा संपला होता म्हणून लाल. आता ब्रेक हळदीकुंकवाला निघाल्यासारखे दिसतात. हँडलच्या फाटक्या मुठीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं, ते राहू दिलं, पिल्लं उडून गेल्यावर भोकाला बूच मारलं. एकदा सकाळी कडप्प्यावर खेकडा बसला होता, मागच्या चाकाला नांगी लावून. त्याच्याकडे बघून मी त्या दिवशी रिक्षानं गेले.

चेन काळी आहे, फिरते, हातात धरली तर खाली लोंबते. काल सीटची दांडी काढून बघितली. बोल्ट सैल केला, एका हातानं वर ओढली आणि ती आली. ग्रीस पिवळंच होतं.

एक्सलखालून पाणी आलं नाही. नुसता एक मुंगळा निघाला.

एकच तक्रार उरली आहे, छर्रेवालादादा बघाल का? पंधरा दिवसांपासून सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकला की चेन स्पोकांकडे जाऊन घासते, टकटक आवाज येतो. तार सैल-घट्ट करून बघितली, फरक नाही. पावसानं आत काही झालं असेल का? हो, आणि सांगायचं राहिलं, छपराखाली आता तीन सायकली असतात. दहावीतला (आता अकरावीतला) मुलगा ऑगस्टमध्ये न विचारता आला. नंतर सेक्रेटरींनी त्यांच्या मुलीची आणून लावली, तीही न विचारता. दाटीवाटी होते, पण आता काय बोलणार.

---

छर्रेवाला
१८ ऑक्टोबर

ताई, पिसाचं वाचून बरं वाटलं. आमच्या दुकानात पण एक असायचं, बाटलीच्या बुचात खोचलेलं. मी विसरलो होतो.

गिअरचा पावसाशी संबंध नाही. मागे उभं राहून बघा, चेन ज्या छोट्या चाकांवरून फिरते तो सांगाडा आणि मागचं चक्र एका रेषेत दिसतात का. तुमचा सांगाडा खालून आत, स्पोकांकडे वळलेला दिसेल. तो जिथं फ्रेमला जोडलाय तो कान वाकलाय. सायकल उजव्या अंगावर पडली की असं होतं. तोवर मोठ्या चक्रावर गिअर टाकू नका, सांगाडा स्पोकांत गेला तर चाकासकट जाईल. मेकॅनिककडे कान सरळ करायची दांडी असते, पाच मिनिटांचं काम आहे.

तुम्ही पाडली नसेल तर शेजारच्या दोघांना विचारा.

---

मांडवीकरीण
१९ ऑक्टोबर

वाकलाय. मुलाला विचारलं, तो म्हणाला मी नाही. आता सेक्रेटरींकडे जाते.